वेदी आणि चूल

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या त्रिदिनीं, पहिल्या दिवशीं सायंकाळीं, पवित्र साक्रामेंटाच्या आराधनेनंतर धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान.)



ज्युबिली आली म्हणजे धर्मग्रामाचा हिशेब मांडण्याची रीत आहे. मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, तें सर्व स्मरणिकेंत यथास्थित छापिलें जाईल व तें छापिलें जाणें योग्यच आहे. मी आज मात्र दुसरा हिशेब काढणार आहें. आपण आतां तासभर प्रभूपुढें गुडघे टेकून होतों. थोड्या वेळानें दिवे मालवतील, दार लागेल, आणि आपण आपापल्या पाड्याची वाट धरूं. घरीं पोंचल्यावर या तासाचें काय होतें? तो उंबऱ्याबाहेर राहतो, कीं चुलीपर्यंत येतो? एवढाच माझा विषय आहे.

विषयास हात घालण्यापूर्वीं मला माझा एक अपराध सर्वांसमक्ष सांगितला पाहिजे. कारण तो मीं सर्वांसमक्षच केला होता.

आपल्या पेठ तालुक्याची राहाटी तुम्हांस मीं सांगावयास नको. पाऊस उदंड, पण तो डोंगरावरून वाहून जातो, आणि माघ-फाल्गुनांत विहिरींचे तळ दिसूं लागतात. भात, नागली, वरई खळ्यांतून घरांत आली कीं हातांस काम उरत नाहीं. दिवाळी होतांच घरेंच्या घरें कडी घालून, सावळघाट ओलांडून, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत नाहीं तर नाशिकच्या बांधकामांवर जातात. होळीस परततात, आणि कित्येक होळी करून पुन्हां जातात. आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळाचा आरंभ, हे सर्व त्यांचे परक्याच्या शेतांत जातात.

गेल्या होळीच्या आदल्या रविवारीं असेंच एक कुटुंब मिस्सेस आलें. नवरा, बायको, दोन मुलें. चार महिने त्यांचें तोंड दिसलें नव्हतें. मिस्सा झाल्यावर मी दाराशीं उभा होतों. पुष्कळ माणसें भोंवतालीं होतीं. मीं त्या गृहस्थास म्हटलें, "काय रे, चार महिन्यांत देवाची आठवण झाली नाहीं वाटतें? द्राक्षें फार गोड लागलीं!" लोक हंसले. तो खालीं पाहत राहिला. त्याची बायको मात्र सावकाश म्हणाली, "फादर, एकदां तिकडे येऊन बघा." तिच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मी तें विसरून गेलों असतों.

मी गेलों. प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या आठवड्यांत, दिंडोरीकडच्या एका बागेच्या बांधावर, निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाची झोंपडी. आंत तीन दगडांची चूल, दोन पत्र्याचे डबे, आणि बांबूस सुतळीनें बांधलेलें पवित्र हृदयाचें चित्र. जुन्या कॅलेंडरांतून कापलेलें. मीं विचारलें, "रविवारीं सुट्टी नसते काय?" तो म्हणाला, "फादर, घडांत साखर भरली आणि व्यापाऱ्याची गाडी उभी राहिली कीं रविवार काय नि सोमवार काय." मग त्याच्या बायकोनें सांगितलें तें मी तिच्याच शब्दांत सांगतों. "आपल्या मंदिरांत साडेआठला मिस्सा असते. त्या वेळेला मी दोघां पोरांना घेऊन वेलींच्या ओळींत बसते. क्रूसाची खूण करतों. 'हे आमच्या बापा' म्हणतों. मग जरा गप्प राहतों." मीं विचारलें, "गप्प कशासाठीं?" ती म्हणाली, "कम्युनियनच्या वेळीं मंदिरांत सगळे गप्प असतात ना, म्हणून."

बंधुभगिनींनो, सेमिनरींत मी वर्षानुवर्षें धर्मशास्त्र शिकलों. जेथें ख्रिस्तशरीर हातीं येत नाहीं, तेथें अंतःकरणानें त्याची इच्छा धरावी, तीही एक प्रकारची भेट होय, हें संत थॉमस अक्विनास यांनीं सांगितलें आहे, आणि संत आल्फोन्सस लिगोरी यांनीं तर या आत्मिक कम्युनियनसाठीं प्रार्थनाच रचून दिली. तो धडा मीं परीक्षेपुरता पाठ केला होता. तो आचरणांत कसा दिसतो, हें मला त्या बागेंत दिसलें, आणि तेंही ज्यांस मीं चारचौघांत हंसें करून सोडलें होतें त्यांच्याकडून. मीं त्यांची क्षमा तेथेंच मागितली. आज तुमच्या देखत पुन्हां मागतों, कारण हंसणारे तुम्हीही होतां.

आतां कोणी म्हणेल, "मग काय, फादरांनीं मिस्सा माफ केली!" तसें नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेंत रविवारच्या मिस्सेचें बंधन स्पष्ट आहे व तें कायम आहे. गंभीर कारण असेल तर त्या बंधनाचा भंग होत नाहीं, हेंही तितकेंच स्पष्ट आहे. आणि ज्याच्या चार महिन्यांच्या मजुरीवर पोरांची आठ महिन्यांची भाकरी अवलंबून आहे, त्याचें कारण गंभीर नाहीं असें म्हणणाऱ्यानें आधीं त्याची भाकरी पुरवावी. परंतु तीच संहिता लगेच पुढें सांगते कीं, धर्मगुरु किंवा मिस्सा मिळत नसेल तेथें लोकांनीं देवशब्दाच्या उपासनेस जमावें, किंवा कुटुंबांत एकत्र प्रार्थना करावी. म्हणजे वेदी दूर असली तरी प्रभूचा दिवस जवळ ठेवावा. ती सवलत आहे, सुटका नव्हे. आणि जे नाशिक शहरांत कामाला जातात, ज्यांच्या झोंपडीपासून मंदिर पायीं अर्ध्या तासावर आहे, व जे रविवार दुपारपर्यंत निजून, सायंकाळ बाजारांत घालवून सोमवारीं कामावर जातात, त्यांनीं या बाईच्या पदराआड लपूं नये. तिला वाट नव्हती. तुम्हांस आहे.

आपल्या महाराष्ट्रांत ही गोष्ट नवी नाहीं. नगर जिल्ह्यांतील खेड्यांत जेव्हां जर्मन येशूसंघीय फादर काम करीत होते, तेव्हां एकेका धर्मगुरूकडे कितीतरी गांवें असत. मिस्सा येईल तेव्हां येई. रोजची सायंप्रार्थना मात्र गांवचा कॅटेकिस्ट मास्तर चालवी, आणि तिच्यावरच लेंकरें वाढत. राहुरी तालुक्यांतील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग, जे पुढें पुण्याचे बिशप झाले, त्यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें, तेंही घराघरांत वाचलें जावें म्हणूनच. त्याहून मागें जावयाचें तर १६१६ सालीं राचोल येथें छापलेलें फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण आहे. तें ओवीबद्ध आहे. ओवी जात्यावर चालते, अंगणांत चालते, पाळण्यापाशीं चालते. इंग्लंडांत जन्मलेल्या त्या साधु पुरुषास कळलें होतें कीं मराठी माणसाचा धर्म घरांत गाइला गेला नाहीं, तर तो मंदिराच्या भिंतींत फार दिवस टिकावयाचा नाहीं.

आणि आपण स्वतः तें पाहिलें आहे. २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें सर्व मंदिरांस कुलुपें लागलीं. शहरांतले लोक मोबाईलवर मिस्सा पाहत. आपल्या पाड्यांवर रेंज मिळविण्यासाठीं टेकडीवर चढावें लागे. त्या पवित्र सप्ताहांत मीं वेदीपुढें एकट्यानें मिस्सा केली, आणि रिकाम्या मंदिरांत माझाच आवाज मला परत ऐकूं येई. पुढें मंदिर उघडल्यावर मला दोन प्रकारचीं घरें दिसलीं. कांहीं घरांत प्रार्थना मंदिराबरोबरच बंद पडली होती व अजून नीट चालू झाली नाहीं. कांहीं घरांत ती त्या महिन्यांतच सुरू झाली, बाप स्वतः प्रार्थना सांगूं लागला, आणि ती आजतागायत चालूं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं कुटुंबास 'घरची ख्रिस्तसभा' असें नांव दिलें, आणि त्याच लेखांत मिस्साबलिदानास सर्व ख्रिस्ती जीविताचा झरा व शिखर म्हटलें आहे. झरा मंदिरांत असतो खरा. पण हंडा घेऊन कोणी गेलेंच नाहीं, तर घरांत पाणी कोठून येणार? हें आपल्या बायकांस मीं समजावून सांगावें असें नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका मुलानें मला विचारलें, "फादर, होस्तिया नागलीची कां नाहीं करीत?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्या डोंगरांत नागली पिकते, गहूं आपण विकत आणतों. मग प्रभु आपल्या भाकरींत कां येत नाहीं? त्याचें उत्तर असें कीं प्रभूनें त्या शेवटच्या रात्रीं आपल्या लोकांची गव्हाची भाकर हातीं घेतली, आणि ख्रिस्तसभा त्यानें केलें तेंच करते; त्यांत फेरफार करण्याचा अधिकार तिला स्वतःसही वाटत नाहीं. परंतु ती भाकर परदेशची वाटूं नये म्हणून उद्यांच्या मिस्सेंत अर्पणाच्या वेळीं नव्या नागलीची पाटी, भाताच्या लोंब्या व वरईचें सूप वेदीपाशीं येईल. मंगळुराकडे ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनीं, नवीं कणसें मंदिरांत आशीर्वादिलीं जातात व मगच घरीं नवें खातात. आपल्या वाडवडिलांसही नवें धान्य देवापुढें ठेविल्यावांचून तोंडांत घालणें ठाऊक नव्हतें. ती जुनी लाज सोडूं नका. तिला आतां योग्य स्थान मिळालें आहे.

आतां जें बोलणार आहें तें कांहींजणांस रुचणार नाहीं. कुमसारांत ऐकलेलें मी बोलत नाहीं, तें माझ्याबरोबर मातींत जाईल. जें रस्त्यावर, सर्वांच्या देखत होतें, तेंच बोलतों.

संत पौलानें करिंथकरांस पहिलें पत्र लिहिलें, त्याचा अकरावा अध्याय आज घरीं जाऊन वाचा. त्या काळीं मंदिरें नव्हतीं. प्रभुभोजन कोणाच्या तरी घरीं होई व त्याच्याबरोबर साधें जेवणही असे. सुखवस्तु लोक लौकर येत, आपआपलें आणलेलें खाऊन पिऊन मोकळे होत. ज्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें ते उपाशीं राहत. पौल त्यांस म्हणत नाहीं कीं तुमची प्रार्थना चुकली किंवा गाणें बेसूर झालें. तो म्हणतो, हें प्रभुभोजनच नव्हे. आणि प्रभूच्या शरीराची ओळख न ठेवतां जो खातो तो आपल्यावर दंड ओढवून घेतो, हा कठोर इशारा त्यानें याच संदर्भांत दिला आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. आपण तो केवळ कुमसार न करतां कम्युनियन घेणारास लावतों. पौलाच्या डोळ्यांपुढें मात्र भुकेला भाऊ होता.

आपल्या घरीं करिंथ आहे कीं नाहीं? पुरुष आधीं जेवतात, मग मुलगे, मग मुली. आई शेवटीं. पातेल्याच्या तळाशीं जें राहील तें तिचें, आणि कित्येकदां कांहींच राहत नाहीं. चैत्र-वैशाखांत हीच बाई पहांटे उठून डोंगर उतरून दोन हंडे डोक्यावर आणते. तिनें आणलेल्या पाण्यांत शिजलेलें अन्न तिच्याच वांट्यास येत नाहीं, आणि रविवारीं आपण सर्वजण एका ताटांतून ख्रिस्तशरीर घेतों. ज्या प्रभूनें जेवणाच्या वेळीं उठून, कमरेस रुमाल बांधून, आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या पंक्तीस बसणाऱ्यांची ही घरची पंगत! "ती रीतच आहे, फादर," असें मला सांगतात. रीत असेल. मी एवढेंच सांगतों कीं या ज्युबिलीपासून आठवड्यांतून एक वेळ, रविवारचें रात्रीचें जेवण, घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून करावें, आणि पहिली भाकर आईच्या ताटांत वाढावी. ज्याला यांत कमीपणा वाटेल त्यानें पवित्र गुरुवारीं मी तुमचे पाय धुतों तेव्हां पाय पुढें करूं नये.

दारूविषयीं मी दरवर्षीं बोलतों व दरवर्षीं तुम्ही माना डोलावतां. यंदां एकच प्रश्न विचारतों. सकाळीं ज्या तळहातावर मीं 'ख्रिस्ताचें शरीर' म्हणून होस्तिया ठेविली, ज्यानें 'आमेन' म्हटलें, तोच हात सायंकाळीं बायकोच्या अंगावर पडतांना मीं पाहिला आहे. तो 'आमेन' कशास होता? तिचाही बाप्तिस्मा झाला आहे. तीही त्याच शरीराचा अवयव आहे. पवित्र कोशापुढें गुडघे टेकावयाचे आणि घरीं त्याच ख्रिस्ताच्या देहावर लाथ उचलावयाची, या आराधनेपेक्षां न केलेली आराधना परवडली. असा मनुष्य पश्चात्तापानें आला तर माझें दार रात्रीं बारा वाजतां उघडें आहे; परंतु त्यानें आधीं बायकोची क्षमा मागून यावें. अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जा, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें तेव्हां त्यानें बायकोस वगळलें नव्हतें. जे सख्खे भाऊ शेताच्या बांधासाठीं तीन तीन वर्षें बोलत नाहींत व मिस्सेंत मधला एक बांक मोकळा सोडून बसतात, त्यांनींही हें ऐकून घ्यावें. तो मोकळा बांक मला वेदीवरून चांगला दिसतो.

संसार सांभाळून हें साधतें काय, असें कोणी विचारील. फ्रान्स देशांतील आलांसों नगरीं लुई मार्टिन नांवाचे घड्याळजी होते. त्यांची पत्नी झेली लेस विणण्याचा धंदा करी व पुष्कळ बायकांस काम देई. तीं दोघें रोज पहांटे साडेपांचच्या मिस्सेस जात. रविवारीं गांवांत गिऱ्हाईक येई, पण लुई दुकान उघडीत नसत. मित्रांनीं नुकसान दाखविलें तरी उघडलें नाहीं. नऊ मुलें झालीं, चार लहानपणींच गेलीं. १८७७ सालीं झेली कर्करोगानें वारल्या, तेव्हां धाकटी मुलगी साडेचार वर्षांची होती. तीच पुढें बाळ येशूची संत तेरेजा झाली. पुढें लुई यांचीही बुद्धि भ्रमिष्ट होऊन त्यांस कित्येक वर्षें रुग्णालयांत काढावीं लागलीं. या दांपत्यास १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं एकत्र संतपद दिलें. त्यांनीं चमत्कार केले म्हणून नव्हे, तर चूल, दुकान, पाळणा व मृत्यु हीं सर्व त्यांनीं त्या पहांटेच्या मिस्सेंतून घरीं नेलीं, म्हणून मला तीं आपलीं वाटतात.

आणि तरुण मुलांनो, तुमच्यासाठीं कार्लो अकुतिस आहे. तो २००६ सालीं पंधराव्या वर्षीं रक्ताच्या कर्करोगानें गेला, व ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं त्यास संतपद दिलें. त्याच्या घरचीं माणसें मिस्सेस जाणारीं नव्हतीं. सातव्या वर्षीं कम्युनियन घेतल्यापासून तो रोज मिस्सेस जाऊं लागला, व त्याच्यामागून त्याची आई श्रद्धेकडे परतली. तुमच्यासारखाच तो संगणकापुढें बसे. पण त्या यंत्रावर त्यानें पवित्र साक्रामेंटाच्या चमत्कारांची माहिती गोळा करून जगापुढें मांडली. तुमच्या खिशांतील मोबाईलवर काय गोळा होतें, तें तुम्हीच पाहा.

मुलांविषयीं आणखी एक शब्द. पोप संत दहावे पायस यांनीं १९१० सालीं आज्ञा काढून, समजूं लागलेल्या मुलास, म्हणजे सुमारें सातव्या वर्षीं, कम्युनियन द्यावें असें ठरविलें. त्यापूर्वीं कित्येक देशांत मुलें दहा, बारा, चौदा वर्षांचीं होईपर्यंत थांबत. आपल्याकडे आतां पुन्हां तसेंच होऊं लागलें आहे, पण कारण निराळें. मूल हंगामांत आईबापांबरोबर बागेंत जातें, धर्मशिक्षणाचा वर्ग बुडतो, वर्ष जातें, पुढचेंही जातें. आणि वर्ग पुरा झाला तर नवे कपडे, मांडव, जेवणावळ यांसाठीं पैसे नाहींत म्हणून बाप आणखी एक वर्ष थांबवितो! उद्यां ज्या मुलांचें पहिलें कम्युनियन आहे त्या सर्वांस एकसारखे साधे पांढरे कपडे धर्मग्रामानें शिवले आहेत, आणि जेवण सर्वांचें एकत्र, मंदिराच्या अंगणांत आहे. कोणींही यासाठीं कर्ज काढूं नये. काढलें असेल तर उद्यां सकाळींच परत करावें.

त्या बागेंतल्या भेटीचा शेवट अजून सांगितला नाहीं. मी निघालों तेव्हां धाकटी मुलगी माझ्यामागें बांधापर्यंत आली. तिचे हात द्राक्षांच्या चिकानें काळे झाले होते. ती म्हणाली, "फादर, आम्ही तोडतों तींच द्राक्षें येशूचें रक्त होतात काय?" तिच्या बापाला तिनें हेंच विचारलें होतें व त्याला सांगतां आलें नव्हतें. मीं सांगितलें, "पोरी, याच बागेचीं असतील असें नाहीं. पण तीं कुठलीही असोत, कोणीतरी उन्हांत उभें राहून, हात काळे करून तोडल्यावांचून वेदीवर येत नाहींत." तिनें हाताकडे पाहिलें आणि हात मागें लपविले. मीं ते पुढें घेऊन त्यांवर क्रूसाची खूण केली.

उद्यां पहिलें कम्युनियन घेणाऱ्या मुलांत ती आहे.

दिवाळी जवळ आली आहे. जीं कुटुंबें यंदां बाहेर जाणार आहेत त्यांनीं कोणत्या गांवीं, कोणाच्या बागेंत, किती माणसें, हें आपल्या कॅटेकिस्ट मास्तरांच्या वहींत लिहून द्यावें. त्या त्या भागांतील धर्मगुरूंस मी स्वतः पत्र घालीन, व नाताळच्या सकाळीं दोन तास सुट्टी मिळावी म्हणून बागवाल्यांची गांठ घेईन. त्यांपैकीं पुष्कळ सज्जन आहेत, आजवर कोणी विचारलेंच नाहीं. प्रायश्चित्तकाळांत एक रविवार मी बागेंतच मिस्सा करणार आहें. कोणत्या बांधावर, तें नांवें आल्यावर ठरेल. प्रत्येक कुटुंबास प्रार्थनेची लहान पुस्तिका व पवित्र हृदयाचें चित्र मिळेल. कॅलेंडर कापण्याची गरज नाहीं. वही उद्यां जेवणाच्या वेळीं मांडवाच्या दाराशीं असेल. त्या मुलीच्या आईनें आज सायंकाळीं आराधनेपूर्वींच येऊन आपल्या घरचें नांव पहिल्या ओळींत लिहून घेतलें आहे.